बोअरला पाणी

बारामतीत भिगवण रस्त्याला गंगाराम मखऱ्याचं वर्कशॉप होतं आणि त्यावर पाटी होती : 'येथे सर्व प्रकारचे बोअर खात्रीने करून मिळतील.' मूळ मजकुरात 'इंजिनचे' असा एक शब्द होता, पण रंगवणाऱ्याला पत्रा अपुरा पडला. गंगाराम म्हणाला, ऱ्हाऊ दे, ज्याला कळायचं त्याला कळतं.

कुणालाच कळलं नाही. इंजिन झिजलं की सिलिंडर आतून कातून मोठा करायचा आणि त्यात एक माप मोठा पिस्टन बसवायचा, ह्याला गंगाराम बोअर म्हणायचा. उरलेला सगळा तालुका जमिनीला भोक पाडून पाणी काढण्याला बोअर म्हणायचा. तालुका मोठा, गंगाराम एकटा.

ट्रॅक्टरची इंजिनं तो पोटासाठी करायचा. त्याचा जीव होता मागच्या शेडमधल्या फियाटमध्ये. अडुसष्ट सालची ही गाडी त्यानं सत्याऐंशीत भंगारातून उचलली, आणि तेव्हापासून नऊ वर्षं तो तिचं इंजिन बांधत होता. हेड घासून झालं, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर झाले, आणि सिलिंडर तीन वेळा बोअर करून झाला. दर बोअरला गाडी थोडी जास्त पळायची आणि सिलिंडरची भिंत थोडी पातळ व्हायची. भिंतीवर कॅलेंडरातली एक लाल परदेशी गाडी लावली होती. ती डिसेंबरच्या पानावर होती, आणि ते पान काही त्याच्यानं फाडवेना. त्यामुळं वर्कशॉपात एकोणनव्वद सालापासून डिसेंबरच चालू होता.

एवढं करून त्याची बायको शालन त्या गाडीत बसत नव्हती. एकदाच बसली होती, अगदी पहिल्या दिवशी. कालव्याच्या पुलाच्या चढाला गाडी बंद पडली आणि शालनला नव्या लुगड्यानिशी ती ढकलावी लागली. वरून अख्ख्या एसटीनं बघितलं. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "माझ्या भावाच्या जीपच्या म्होरं जाईल त्या दिवशी बसीन."

तिचा भाऊ सोमनाथ बावड्याला वडापची, म्हणजे गावोगावची माणसं भरून न्यायची जीप चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण "दाजी, गाडी काय म्हणतीय? बोलती का अजून?" असं दर भेटीला विचारायचा. गंगाराम हसून घ्यायचा. पण आतून त्याला लागायचं. बाकी दुःखं चारचौघांत सांगता येतात. स्वतःची बायको स्वतःच्या गाडीत बसत नाही, हे कुणाला सांगणार?

शहाण्णवच्या उन्हाळ्यात कऱ्हाटीचे मानसिंगराव पाटी वाचून आत आले. बोअरचं मशीन चालू होतं, आणि त्या मशीनपायी गंगारामला तसंही निम्मंच ऐकू यायचं.

"मिस्त्री, बोअर करायचाय."

"आदी किती झालेत?"

"दोन. हाती काय लागलं न्हाय."

"मग तिसरा करू नका. भित ऱ्हात न्हाय."

"भितच ढासळतीय की. त्याचंच दुखणं हाय."

"मग आतनं नळी बसवा. पोलादी. वरपासनं खालपत्तूर, मधी फट ठिवायची न्हाय. भित नवी व्हती." गंगारामनं हात पुसले. "आना मग गाडी."

मानसिंगराव गोंधळले. बोअरची गाडी, म्हणजे ते मोठं यंत्र, बोअरवाला आणतो, गिऱ्हाईक नव्हे. पण मिस्त्री जाणता दिसला, म्हणून वाद न घालता ते गेले. गंगाराम आठ दिवस त्यांच्या गाडीची वाट बघत बसला.

गाडी आली नाही. मानसिंगराव आले, बाजरीचं अर्धं पोतं घेऊन.

"मिस्त्री, नळी बसवली आन बोअरला पाणी लागलं," ते म्हणाले.

गंगारामच्या हातातला पाना खाली पडला. त्याच्या धंद्यात ह्याच्याइतकी वाईट बातमी नव्हती. सिलिंडरभोवती पाणी खेळतं, आणि भिंत फुटून ते आत आलं की इंजिन संपलं.

"आरारा," तो म्हणाला. "मग समदंच गेलं की वो तुमचं."

मानसिंगराव त्याच्याकडं बघत राहिले. शालन डबा घेऊन आली होती. तिला दोघांचंही कळलं. तिनं बाजरी ठेवून घेतली, मानसिंगरावांना चहा दिला आणि वाटेला लावलं. मग नवऱ्याला म्हणाली, "लोकाला सांगता तिसरा करू नका. तुमच्या गाडीला किती झाले?"

"तीन."

"आन आता?"

"चौथा करतोय."

"नळी टाका की मग."

"नळीनं माप परत मूळचं व्हतं. पळंल का मग ती जीपच्या म्होरं?"

शालननं डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे तिला म्हणता आलं असतं. पण आपल्याच अटीपायी हे चाललंय हे तिला ठाऊक होतं. गंगारामनं दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचे पिस्टन लेथवर कातून मापात आणले आणि चौथा बोअर केला. भिंत इतकी पातळ उरली, की मोजायचं त्यानं टाळलं.

दिवाळीनंतर सोमनाथच्या पोरीचा, अंजलीचा साखरपुडा ठरला. आदल्या दिवशी सकाळी सोमनाथ बहिणीला न्यायला जीप घेऊन आला. पाव्हण्यांसाठी चिलापी घ्यायची होती म्हणून भिगवणवरून जायचं ठरलं. शालन जीपमध्ये पुढं बसली. मागून फियाट घेऊन गंगाराम एकटा.

भिगवणला मासळी घेतली आणि हमरस्त्याला लागले. डाळजपर्यंत गंगाराम गुमान मागं राहिला. पुढं रस्ता सरळ आणि मोकळा दिसला, तसा त्यानं पाय दाबला. सोमनाथनं आरशात बघितलं आणि त्यानंही दाबला. जीप ऐंशीला थरथरायला लागली. फियाटचा काटा शंभराच्या पुढं गेला, आणि नऊ वर्षांत कधी काढला नव्हता असा भरदार आवाज त्या इंजिनानं काढला. जीपच्या बरोबरीला आल्यावर त्यानं शालनकडं बघितलं. ती समोर बघत होती. पळसदेवला तो पुढं गेला, आणि जीप आरशात लहान लहान होत गेली.

लोणी देवकरच्या अलीकडं आवाज बदलला. मागून पांढरी वाफ निघायला लागली. गंगारामनं गाडी बाभळीखाली घेतली, बॉनेट उघडलं आणि ऑइलची कांडी ओढून बघितली. ऑइलचं ताक झालं होतं. तो कांडी हातात धरून तसाच उभा राहिला.

जीप येऊन थांबली. सोमनाथ उतरला. "काय झालं, दाजी?"

"बोअरला पाणी लागलं."

"किती इंच?" जमिनीतलं पाणी इंचात मोजायच्या सवयीनं सोमनाथच्या तोंडून गेलं. मग त्यानं वाफ बघितली. तो चिडवेल म्हणून गंगाराम वाट बघत होता, पण त्यानं जीपमधून मुकाट्यानं दोर काढला आणि फियाटला बांधला.

गंगाराम स्टिअरिंगवर जाऊन बसला. दुसरं दार उघडलं. शालन आत आली, पदर आवरला आणि बसली.

"जीपमधी बस," तो म्हणाला. "हिचं काय ऱ्हायलं न्हाय आता."

"म्होरं गेलती न्हवं? म्या बगितलंय."

"पर आता बंद हाय."

"चालूच पायजे असं म्या कुटं म्हणलं हुतं?"

दोर ताणला, गाडी हलली. वीसच्या वेगानं इंदापूर आलं. एसटी स्टँडापुढं माणसं वळून बघत होती. शालन खिडकी खाली करून ताठ बसली होती. पुढच्या जीपमधून चिलापीचा वास येत होता.

"आता नळी टाका हिला," ती म्हणाली.

"पळायची न्हाय मग."

"नगं पळू दे. आता कुणाच्या म्होरं जायचंय?"

गंगाराम हं म्हणाला. बावडा अजून लांब होता, आणि त्याला ते बरं वाटलं.