शुक्रवारच्या एम्पानादा

हिमेना ओयार्सूनला राग यायला कारण लागत नाही, असं तिला न ओळखणारे म्हणत. ओळखणारे म्हणत, कारण लागतं, पण ते तिच्या वाल्पाराईसो शहरात मुबलक मिळतं.

बंदराच्या वरच्या टेकडीवर, विद्यापीठाच्या तळघरात तिची प्रयोगशाळा होती. तिथे ती आणि तिचे विद्यार्थी डिटेक्टरची चेंबर्स बनवत. दाराच्या फळीएवढी चपटी पेटी, आत केसाहून बारीक तारा एकीशेजारी एक ताणून बसवलेल्या. जिनिव्हाजवळ जमिनीखाली कणांची टक्कर होते. त्यातून उडालेला एखादा कण पेटीतून गेला की जवळच्या तारेत विजेचा इवलासा ठोका उमटतो. अशा ठोक्यांवरून पुढे मोठे शोध लागतात, आणि वर्तमानपत्रात भलत्याच लोकांचे फोटो येतात.

"खरं विज्ञान तिकडे युरोपात, इथे काय, जोडकाम," असं कुणी बोललं की हिमेना म्हणे, "बरं. मग तिकडच्यांना सांगा, तारांशिवाय बघा कण. डोळे चोळून बघा, दिसला तर दिसला."

तरुणपणी ती स्वतः जिनिव्हाला शिकली होती. तिथेच राहा म्हणून लोक मागे लागले होते. ती परत आली. का आलीस, असं विचारलं तर सांगे, तिकडे माझ्यासारख्या पायलीच्या पन्नास होत्या, इथे एकसुद्धा नव्हती. आल्यावर तिने तळघरातली ओल हटवली, समुद्रावरून येणारं खारं धुकं आत शिरू नये म्हणून फटी स्वतः बुजवल्या आणि पोरांना शिकवायला सुरुवात केली. तिचे विद्यार्थी आज जगभर आहेत. त्यातला एकही हातमोजे घातल्याशिवाय तारेजवळ जाणार नाही. बोटाच्या घामातलं मीठ तारेला लागलं, की वीज चढवल्यावर नेमकी तिथेच ठिणगी पडते आणि अख्खं चेंबर वाया जातं.

शिकवायची तिची एक रीत होती. ज्याच्या हातून काही बिघडलं, त्याने शुक्रवारी चहाच्या वेळी सगळ्यांसाठी एम्पानादा आणायच्या, करंजीसारख्या, कांदा-खिमा भरलेल्या, भट्टीतून गरम काढलेल्या. मग उभं राहून काय केलं ते सरळ सांगायचं. ओरडायचं कुणी नाही. हसायला परवानगी. एकदा तिचाच केस चेंबरमध्ये पडला, तेव्हा तिने आणल्या आणि पांढरा केस म्हणून लवकर सापडला, हेही सांगितलं. ती म्हणे, पुस्तकात चेंबर कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. कसं बिघडतं ते इथेच कळतं.

या प्रयोगशाळेत मियाराय कात्रिलेओ डॉक्टरेट करत होती. लेबू गावच्या एका कोळ्याची मुलगी. जाळं विणणाऱ्या घरातली म्हणून असेल, तारा ताणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चेंबर्स जिनिव्हाला गेली की ती बसवायला तिने जायचं, हे हिमेनाच्या मनात पक्कं होतं. त्या सहा महिन्यांत ओळखी होतात, पुढची नोकरी तिथेच ठरते. पण जायचं कुणी, यावर सही डीनची लागे.

डीन डॉन फेर्मीन एचेनिके तळघरात सहसा उतरत नसत. शेवटचं चेंबर बंद करायच्या दिवशी मात्र उतरले, कारण बरोबर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता. पांढरा डगला घातला, टोपी घातली, हातमोजेही घातले. मग फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, हातमोज्यांत तुम्ही दाताचे डॉक्टर दिसताय."

डॉन फेर्मीन हसले. उजव्या हातातला मोजा काढला आणि गिटार छेडावी तशी एका तारेवर बोट फिरवलं. फ्लॅश चमकला. सगळे हसले. साहेब वर गेले. मियारायने ती जागा पुसली, पुन्हा पुसली, मोजून पाहिली, ठीक वाटली. जहाजाची तारीख तोंडावर आली होती. त्यांनी चेंबर चिकटवून बंद केलं.

एकदा चिकटवलेलं चेंबर उघडता येत नाही. पुढच्या आठवड्यात त्यात वायू भरून वीज चढवली, तर एका कोपऱ्यात ठिणग्या. क्ष-किरणांनी पेटी तसू तसू तपासली. जागा तीच निघाली.

दोष कशामुळे आला ते शुक्रवारी जिनिव्हाला पडद्यावर सांगायचं होतं. आदल्या दिवशी डॉन फेर्मीनने हिमेनाला वर बोलावलं. त्यांच्या खोलीत तो फोटो चौकटीत लागलासुद्धा होता.

"हे बघा हिमेना, उगाच ताणू नका," ते म्हणाले. "हाताळणीत विद्यार्थ्याची चूक झाली म्हणून सांगा. मुलगी लहान आहे, तिला कोण काय बोलणार?"

"कोणी काही बोलणार नाही. फक्त तिला पाठवणार नाही."

"पुढच्या वर्षी जाईल की. विद्यापीठाच्या नावाचाही विचार करा."

"विद्यापीठाच्या नावाने तार नाही छेडली, डॉन फेर्मीन. बोटाने छेडली. ते बोट तुमच्या मागे भिंतीवर टांगलंय."

"चेंबर बंद तर तुम्हीच केलंत ना?" ते शांतपणे म्हणाले. "आणि जाण्याच्या कागदावर माझी सही अजून व्हायची आहे."

हिमेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, वर संन्याशानेच दोर आणावा ही अपेक्षा. टेकडी उतरताना ती मोठ्याने बोलत होती. पाववाल्याने विचारलं, "कुणाशी भांडताय प्रोफे?" ती म्हणाली, "उद्याची तयारी."

शुक्रवारी ती कमरेला पदर खोचल्याच्या आवेशात आली, आणि दारातच थबकली. टेबलावर एम्पानादांचा मोठा थाळा होता, वाफा निघत होत्या. थाळ्याशेजारी मियाराय उभी होती.

"हे कुणी आणायला सांगितलं तुला?"

"कुणी नाही, प्रोफे. मीच आणल्या."

"उचल तो थाळा. उचल म्हणते ना. यातली एकही कुणी खाणार नाही."

"राहू द्या, प्रोफे. मला बोलायचंय."

पोरीला डीनने दमात घेतलं, हिमेनाला वाटलं. तेवढ्यात डॉन फेर्मीन आले. पडद्यावर दिसायला त्यांना आवडे. त्यांनी थाळा पाहिला, मियारायकडे पाहून मायेने मान हलवली आणि एक एम्पानादा उचलून चावली. हिमेनाला तो घास त्यांच्या तोंडातून ओढून काढावासा वाटला.

पडद्यावर जिनिव्हाच्या गटाची प्रमुख तीना आली. ती कमी बोलणारी एस्टोनियन बाई. तिने एवढंच विचारलं, "काय झालं?"

मियाराय उभी राहिली. 

"चूक माझी आहे. डीनसाहेबांनी फोटोसाठी मोजा काढला, ते मी पाहिलं. तारेला बोट लावलं, तेही पाहिलं. मी त्यांना थांबवलं नाही. हसले. मग गुपचूप पुसलं आणि कुणाला न बोलता चेंबर बंद होऊ दिलं. बोट त्यांचं होतं. पण बघून गप्प बसले ती मी. माझ्या वाटणीच्या या एम्पानादा."

कुणी हसलं नाही. डॉन फेर्मीनच्या तोंडात घास तसाच होता. गिळावा की ठेवावा हे त्यांना ठरवता येईना.

तीनाने काहीतरी लिहून घेतलं. "बरं. जादाचं एक चेंबर पाठवा. बसवायला कोण येतंय?"

"मियाराय," हिमेना म्हणाली. डॉन फेर्मीनचा घास उतरायच्या आत.

"आमच्याकडे नाव लिहिते," तीना म्हणाली आणि पडदा बंद झाला. तिकडे नोंद झालेलं नाव बदलायचं तर कारण द्यावं लागलं असतं. सोमवारी डीनची सही निमूटपणे झाली.

घरी जाताना हिमेना कुणाशीच भांडली नाही. तिच्या डोळ्यांपुढे तो चौकटीतला फोटो होता. त्यात डीनच्या डाव्या हाताला, अगदी खेटून, ती स्वतः उभी होती. बोट तारेवर होतं आणि ती दात दाखवून हसत होती. साऱ्या शहराला फैलावर घेणारी बाई, आणि त्या क्षणी तिच्या तोंडून साधं "मोजा" निघालं नव्हतं. पोरीने आपल्या वाटणीचं सांगितलं. प्रोफेसरीणबाई आठवडाभर दुसऱ्याचं बोट दाखवत हिंडल्या. इतका राग तिला डॉन फेर्मीनचाही आला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी थाळा हिमेनाने आणला. डॉन फेर्मीनचा अजून यायचाय.

त्या फोटोची एक प्रत आता तळघरात, हातमोज्यांच्या खोक्यावर लावलेली आहे. नवा विद्यार्थी आला की हिमेना त्याला आधी तिथे नेते आणि विचारते, "यात चेंबर कुणी बिघडवलं, दाखव."

पोरं लगेच डीनवर बोट ठेवतात.

"तो तर आहेच," हिमेना म्हणते. "आता बाकीचे दाखव."