टाकी मी धुतली होती

माझी आत्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं होती. बाटलीचं झाकण उघडलं, की पाण्यात काय बिघडलंय ते नळीत थेंब टाकायच्या आधीच सांगायची. पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना तिने नोकरी सोडली आणि आतोबांना म्हणाली, "उतारावरच्या आपल्या जमिनीत द्राक्षं लावायची. वाइनसुद्धा आपणच करायची."

आतोबा चष्मा पुसत म्हणाले, "तुला येते करायला?"

"नाही. शिकेन."

छाटणी ती शेजारच्या बागेतल्या एका बाईकडे शिकली. त्या बाईचं सारं आयुष्य कात्री चालवण्यात गेलेलं. आत्याने छाटलेला पहिला वेल बघून ती म्हणाली, "अहो ताई, छाटलाय की भादरलाय?" मग आत्याचं मनगट धरून तिने दाखवलं: काडीवरचे कुठले दोन डोळे ठेवायचे, कुठली काडी मुळापासून काढायची, काप तिरका कसा द्यायचा म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. सलग दोन हिवाळे हेच चाललं. आत्याच्या तळव्यांना घट्टे पडले आणि ती खूश होती.

वाइनचं मात्र असं नव्हतं. परवान्यासाठी प्रमाणपत्र लागतं, म्हणून तिने एका मोठ्या वाइनरीतल्या हंगामभराच्या प्रशिक्षणात नाव घातलं. शिकवणाऱ्या मुख्य वाइनमेकरला सगळे मागून 'नाकवाले सर' म्हणायचे, कारण स्वतःच्या नाकाचं कौतुक केल्याशिवाय त्यांचा एक तास संपत नसे. अकरा प्रशिक्षणार्थी, त्यांत दोन बायका. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "बायकांनी लेबलं आणि चाखायचं टेबल सांभाळायचं. टाक्या पुरुष बघतील."

आत्या उभी राहिली. "सर, मी टाक्या शिकायला आलेय. लेबलं चिकटवायला घरी डिंक आहे माझ्याकडे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला टाक्या दिल्या, पण फक्त धुवायला! गुडघ्याएवढ्या दारातून आत शिरायचं, ब्रशने भिंती घासायच्या, भिजून बाहेर यायचं. तिने ते चोख केलं. वर रोज दोनदा प्रत्येक टाकीतल्या रसाची साखर आणि तापमान मोजून स्वतःच्या वहीत लिहिलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण प्रयोगशाळेची सवय जाते कुठे?

सात नंबरच्या टाकीत पाचव्या दिवशी साखर उतरायची थांबली आणि सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. आत्या थेट सरांकडे गेली. "सर, सातमधलं यीस्ट उपाशी आहे. त्याला खायला घाला, थोडी हवा द्या. आज केलंत तर वास जाईल, आणखी आठ दिवसांनी नाही जाणार."

सरांनी पेला नाकाशी नेला. "ताज्या वाइनला असा वास येतोच. तुमचं पाणी हुंगणारं नाक इथे नका चालवू."

तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिला टाक्यांच्या दालनात यायचीच बंदी झाली.

दोन आठवड्यांनी अख्खी टाकी गटारात ओतावी लागली. मालक आले, जाब विचारला. सर म्हणाले, "टाकी नीट धुतली गेली नव्हती." धुणारं कोण, ते सगळ्यांना माहीत होतं.

आत्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद तयार होता: 'माझ्या निष्काळजीपणामुळे...'

"सही करा, प्रमाणपत्र घ्या, विषय संपला," मालक म्हणाले.

आत्याने वही उघडून पुढे केली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "वहीत काय, कोणीही काहीही लिहितं."

"टाकी मी धुतली होती. नाही धुतली असं मी लिहून देणार नाही."

बाकीचे दहा जण दाराशीच उभे होते. तिने सरांना काय सांगितलं, ते प्रत्येकाने ऐकलं होतं. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. सरांचं एक वेळ समजतं, त्यांना आपली कातडी वाचवायची होती. यांचं काय जात होतं?

आत्या प्रमाणपत्राशिवाय घरी आली आणि पायातले बूट न काढता खुर्चीत बसली. "तेवीस वर्षांत माझ्या एका नोंदीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं रे," एवढंच मला म्हणाली.

पुढल्या वर्षी ती दूरच्या एका लहानशा संस्थेत गेली, मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर वसतिगृहात राहिली आणि बावन्नाव्या वर्षी परीक्षा पास झाली. स्वतःच्या पहिल्या हंगामात तिने दोन टाक्या भरल्या. एक झकास उतरली. दुसरीचं झाकण तिच्याच हातून सैल राहिलं, आत हवा गेली, वाइनचा शिरका झाला. तिने खडूने टाकीवर लिहिलं, 'चूक माझी', आणि येईल त्याला दाखवलं. जी बाई स्वतःची चूक अशी मिरवते, तिच्याकडून दुसऱ्याच्या चुकीवर सही मागितली होती त्या लोकांनी!

मागच्या हंगामात आत्याकडे कामाला आलेली एक मुलगी नाकवाल्या सरांच्याच प्रशिक्षणातून आली होती. बोलता बोलता म्हणाली, "सर आम्हाला सात नंबरच्या टाकीची गोष्ट सांगतात. वास त्यांनीच आधी ओळखला होता म्हणे, पण धुणाऱ्या बाईने ऐकलं नाही."

मी ताडकन उठलो. "आत्ता जातो आणि विचारतो त्यांना!"

"बस खाली," आत्या म्हणाली. मग त्या मुलीकडे वळली. "यीस्ट उपाशी राहिलं तर काय करायचं, ते तरी नीट शिकवलं का?"

"हो, अगदी नीट."

"तेवढं बरं झालं."

काय बरं झालं? मी तिला तसं विचारलंही. पण रस गाळायची वेळ झाली होती. ती आणि ती मुलगी पाइप उचलून निघून गेल्या आणि मी एकटाच तिथे बसून राहिलो, कान तापलेले.