खाली ठेवलेल्या कुंड्या

“रोपं चोरीला गेलीत! गेट लावा, एक माणूस बाहेर जाता कामा नये!”

जयपुरातल्या वनस्पती उद्यानात, ऐन उत्सवाच्या गर्दीत, एक बाई अस्सल सातारी मराठीत ओरडत होत्या. आवाज असा, की पार सी-स्कीम नावाच्या लांबच्या पेठेतली दुकानं दचकून बंद झाली असतील. गर्दीत शब्द कुणाला कळला नाही. कळला तो बंदोबस्तावरच्या मला एकट्याला. मी निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, पण ती दुपार काही डोक्यातून जात नाही.

बाई तिथल्या शास्त्रज्ञ. राजस्थानच्या रानातून संपत चाललेला गुग्गुळ त्यांनी बियांपासून वाढवला होता. बी रुजता रुजत नाही, त्यामुळे एकेक रोप पोटच्या पोरासारखं. त्या दिवशी ती लोकांना दाखवायची होती, आणि कुंड्यांत नुसती माती.

खबर दरवानाने दिली: उत्सवापुरता घेतलेला एक मजूर सकाळी हातगाडी भरून नेत होता. मी त्याला उद्यानाच्या कार्यालयात बसवला. माझ्या नुसत्या नजरेने भलेभले दरोडेखोर आजीच्या माहेरचा पत्ता सांगत. हा गडी ढिम्म. गाडीत काय होतं, तर म्हणे सुकी लाकडं. आणि कुंड्या?

“मैडमजी ने कहा था, गमले खाली रख दो. रख दिए.”

बाईंना विचारलं. हो, म्हणाल्या, मांडणीवरून खाली ठेवायला सांगितलं होतं, मुलांना नीट दिसावं म्हणून. दोघांचे जबाब शब्दाला शब्द जुळले. इतके जुळले की पोलिसाला वास येतो. मी तेच ते घोळवत राहिलो. बाहेर खतासाठी काटक्या भरडून दाखवणारं यंत्र घरघरायला लागलं, तेव्हा ऐकू येईना म्हणून खिडकीही मीच लावायला सांगितली.

तेवढ्यात चहावाला आला. बाई डोकं धरून बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, “भैया, खाली रख दो.” त्याने भरल्या ग्लासाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, चहा परत किटलीत ओतला आणि रिकामा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला.

हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘खाली’ म्हणजे जमिनीवर, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघा मराठी माणसांच्या कानात. पलीकडच्या मांडवात मुलं रिकाम्या कुंड्या रंगवत होती, त्यामुळे मजुराला हुकमात वावगं काही दिसलं नसणार. आणि थंडीत पानं झडलेला काटेरी गुग्गुळ वाळल्या काटकीसारखाच दिसतो.

मी त्या यंत्राकडे धावलो. माझं पोट माझ्याआधी पोचलं, तरी उशीर झाला. हातगाडी रिकामी होती. भुग्याच्या पुड्या भरून लोकांना वाटणं चाललं होतं, टाळ्या पडत होत्या, आणि निवेदक सांगत होता की निसर्गात काहीच वाया जात नाही. बाईंनी एक पुडी उघडून हुंगली. गुग्गुळाचा वास लपत नाही.

गुन्हा नोंदवण्यासारखं काही नव्हतं. उभी नोकरी मी खोटं पकडण्यात घालवली. दोघंही खरं बोलत असतील तर काय करायचं, ते त्या दिवशी उमगलं, रोपं गेल्यावर. मजुराला सोडताना मी म्हटलं, अरे बाबा, उपटण्याआधी एकदा विचारायचंस तरी.

“पूछा था, साब,” तो म्हणाला. “मैडमजी बोलीं, जितना कहा है उतना करो.”