व्याह्यांचा पूर्वपक्ष

आमच्या व्याह्यांइतका विद्वान माणूस सगळ्या वसई तालुक्यात सापडणार नाही, आणि विद्येनं इतकं नुकसान करून घेतलेला माणूस तर कुठेच सापडू नये. तालुक्यातल्याच होळी गावात त्यांची वाडी आहे. केळी, पानवेली, पन्नासेक नारळ. सकाळी झाडांना पाणी सोडायचं आणि दुपारी विहिरीपाशी खुर्ची टाकून न्याय, मीमांसा, वेदान्त, ओळखीच्या फादरांकडून आणलेलं ख्रिस्ती ईश्वरशास्त्र, मिळेल ते वाचायचं, हा चाळीस वर्षांचा क्रम. त्यातून एकच गोष्ट त्यांनी अंगी बाणवली, ती पूर्वपक्ष. जुन्या शास्त्रकारांची शिस्तच तशी: समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, मगच खोडायचं. ग्रंथात ठीक आहे हो! हा गृहस्थ ती घरीदारी पाळतो.

लग्नाच्या बोलणीला एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटवर आले, तेव्हा पोहे खाऊन यांनी हे लग्न का होऊ नये याची सात कारणं सांगितली. त्यात स्वतःचा मुलगा आळशी असल्याचंही एक होतं. आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दार दाखवायला उठलो, तर म्हणाले, "बसा, बसा. हा झाला पूर्वपक्ष. उत्तर एवढंच, की दोघं एकमेकांना आवडलीत." एकदा गणपतीत मूर्तीसमोर उभं राहून त्यांनी नास्तिकाची बाजू अशी मांडली, की गुरुजी आरतीचं तबक धरून विचारात पडले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. सुनावणीचं मात्र नेणार नाही. नवा रस्ता त्यांच्या अर्ध्या वाडीतून, थेट विहिरीवरून जाणार होता. लेखी हरकतींची मुदत संपली होती. आता एक साहेब तोंडी म्हणणं ऐकणार होते. "तुम्ही शिकलेले, तुम्हीच बोला," म्हणून वाडीवाल्यांनी यांना पुढे केलं. सगळ्यांच्या वतीनं दहा मिनिटं. आणि या विद्वानानं काय करावं? दहाही मिनिटं रस्त्याची बाजू मांडली! रुग्णवाहिका कशी अडकते, सातिवलीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना केवढा वळसा पडतो, सगळं. साहेब टेबलावर पुढे झुकून ऐकत होते. "बाबा, मेन पॉइंट बोला ना!" आमचे जावई मागून ओरडले. "आता याचं खंडन," म्हणत यांनी चष्मा पुसायला घेतला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थँक यू काका, वेळ संपली." कागदावर 'पाठिंबा' लिहून त्यांनी पुढच्या गावाला हाक मारली. आणि हे निमूट खाली बसले! चाळीस वर्षं वाचून माणसाला 'थांबा' एवढा एक शब्द येऊ नये?

मोजणीवाले नारळांवर तांबडे पट्टे मारून गेले त्या दिवशी मी रिक्षा करून तडक होळी गाठली.

"व्याही, तुमच्या शास्त्रापायी माझ्या मुलीच्या घरची विहीर गेली!"

"रागवा," ते म्हणाले. "पण आधी माझी बाजू मांडा."

संतापाच्या भरात मांडली. म्हटलं, तुम्हाला वाटलं, आपण दुसऱ्याचं नीट ऐकलं की तोही आपलं ऐकेल. वाडी आपली आहे एवढ्यानं रस्ता खोटा ठरत नाही, असं तुम्हाला वाटलं. आणि जन्मभर पाळलेली शिस्त नेमकी आपल्या विहिरीपाशी मोडायची, तर एवढं वाचलं कशाला, असंही वाटलं.

"मला इतकं नीट मांडता आलं नसतं," व्याही म्हणाले. "आता खोडा."

खंडन मी रिक्षातच जुळवून आणलं होतं. व्याही मात्र पट्टे मारलेल्या नारळांनाही रोजच्यासारखं पाणी सोडत होते. "उद्या बघू," मी म्हटलं.

विहीर बुजून आता वर्ष होत आलं. माझे मुद्दे मला अजून पाठ आहेत. दर रविवारी जातो. ते खुर्ची पुढे करतात आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. मी हवापाण्याचं काहीतरी बोलतो.