मायच्या भाकरीवरचं लोणी

गरम भाकरीवर ताजं लोणी वितळताना जो वास येतो, त्याने इतरांना भूक लागते. मला राग येतो. आज सकाळीही तसंच झालं.

हिवरखेडच्या आमच्या घरी माझी धाकटी बहीण जन्मली, तेव्हा मी परकर नेसणारी पोर होते. माय बाळंतिणीच्या खाटेवर, म्हणून रवीची दोरी मीच ओढत होते. तळहात सोलवटले, तेव्हा कुठे डेऱ्यात लोणी तरंगलं. ते गार पाण्यात धुऊन मी लिंबाएवढा गोळा मायच्या भाकरीवर ठेवला.

तेवढ्यात माझी आत्या आत आली. "कोनं ठेवलं हे? पोट्टा झाला असता तं देल्लं असतं. पोरीच्या मायले लोणी कायले पायजे?" तिने गोळा बोटांनी उचलून परत भांड्यात टाकला.

"म्या घुसळलं ना, आत्या!"

"मंग? तहान लागली असंन तं ताक पे."

भाकरीवर लोण्याचा ओला डाग उरला होता. मायने आजूबाजूची कोरडी भाकरी आधी संपवली आणि तो घास शेवटी खाल्ला.

आज तीच आत्या बडनेऱ्याहून टांगा करून माझ्या बाळंतीण लेकीला भेटायला आली. पाळण्यात डोकावत म्हणाली, "पोट्टीच झाली काय वं?"

मी सकाळी काढलेलं सगळं लोणी तिच्यादेखत लेकीच्या भाकरीवर वाढलं आणि आत्यापुढे ताकाचा पेला ठेवला.