खालच्या टाकीतली तुरटी

अकोल्याच्या एका इंटिरिअरवाल्यानं माझ्या गिऱ्हाईक डॉक्टर मॅडमना फसवलं. मासे मेले तेव्हा दोष मात्र माझ्यावर ढकलला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. वाचून त्याला कळेल.

मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांच्या वेटिंग रूममधला खाऱ्या पाण्याचा टँक मी बसवला होता. सुईच्या भीतीनं रडणारं पोर त्या काचेला नाक लावून गप्प होतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत दुकानात होतो.

"तुमचे मासे मुळात आजारी होते म्हणे," मॅडम म्हणाल्या. "एकेक करत सगळे गेले. फक्त क्लाऊन माशांची जोडी उरलीये."

"कोण म्हणे?"

"इंटिरिअरवाले. इतर डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलंय."

माझं डोकं फिरलं. इतवारा बाजारात पिशवीतले फायटर मासे विकत मी या धंद्यात आलो. डिग्री नाही, बापाचं दुकान नाही. लोक येतात ते एकाच कारणानं, की माझा मासा निरोगी असतो. ती जोडीही मेली असती, तर माझं खरं कोणापुढे सिद्ध करणार होतो? मेलेला मासा साक्ष देत नाही.

"मॅडम, सौदा करा," मी म्हणालो. "मी येतो, टँक सुधारतो. जोडी जगली, तर त्या माणसाला तुमच्या वेटिंग रूममध्ये बोलवायचं आणि माझ्या तोंडावर बोलायला लावायचं."

"आणि नाही जगली तर?"

"तर टँक उचलून नेतो. परत अकोल्यात मासा विकत नाही."

मॅडम हसल्या. "या तर खरं."

पाणी दुकानातच कालवून घेतलं. खाऱ्या टँकचं पाणी आयत्या वेळी मीठ टाकून होत नाही, ते आधी फिरवून मुरवावं लागतं. कॅन गाडीत घातले आणि मूर्तिजापूरला चहासुद्धा न घेता अकोला गाठलं.

टँक बघितला आणि चक्रावलो. पाणी आरशासारखं. पण जोडी एका कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थराला, कल्ले भराभरा हलवत होती.

पाणी चांगलं दिसत असूनही मासा धापा टाकत असेल, तर संप उघडावा. संप म्हणजे टँकखाली कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपनं खाली येतं, कापडी पिशवीतून गाळलं जातं, स्किमर नावाचं यंत्र त्यातली घाण फेसासोबत काढतं, आणि पंप ते पाणी पुन्हा वर पाठवतो. उरलेलं खाणं, माशांची विष्ठा, मेलेलं शेवाळ असा सगळा गाळ खालीच येतो. तो तिथून बाहेर काढणं, हेच आमचं खरं काम. पिशवी धुवायची, तळ पाइपनं ओढून घ्यायचा. कंटाळवाणं काम आहे, पण टँक त्याच्यावरच उभा असतो.

दवाखान्याचं नूतनीकरण झालं तेव्हा या इंटिरिअरवाल्यानं मॅडमना सांगितलं होतं, "टँकचंही मीच बघतो, मेंटेनन्स-फ्री करून देतो." माझं येणं तेव्हापासून बंद झालं. आता बघतो तर कपाटाला दारच नाही! समोर सरळ लाकडी पॅनल ठोकलेलं, पंपाजवळ हात जाईल एवढी खिडकी. हातोडा घ्यावासा वाटला. पण काचेशेजारी हातोडा चालवत नाहीत. स्क्रू काढायला लागलो.

दवाखान्यात काम करणाऱ्या रेखाताई धावत आल्या.

"काहून काढून राहिले भाऊ? साहेब रागावतीन!"

"कोणते साहेब?"

"थे फर्निचरवाले. आत हात लावाचा नाही म्हणत. पाणी गढूळ झालं का खिडकीतून तुरटी फिरवाची, बस."

"तुरटी?"

"हो ना. नळ आला का ड्रमात नाही का फिरवत आपण? पाणी कसं काच होऊन जाते."

त्यांच्यावर रागावता आलं नाही. आमच्याकडे नळाची वाट बघण्यात दिवस जातात, आणि साठवलेल्या पाण्यात तुरटी फिरवणं हे घराघरातलं काम आहे. माझी आईही हेच करायची. आपल्याला गाळ तळाशी बसला की पुरे, कारण आपण वरचं पाणी पितो आणि तळ ओतून देतो. माशाला ओतून देता येत नाही. तळाशी बसलेला गाळ तिथेच सडतो, त्याचा अमोनिया होतो आणि तेच पाणी पंप पुन्हा वर पाठवतो. शिवाय तुरटी पाणी आंबटपणाकडे ओढते. समुद्राच्या माशाला तेही सोसत नाही. टेस्ट किट लावली. अमोनिया दिसलाच.

तिथूनच त्या माणसाला फोन लावला.

"भाऊ, काहून तापून राहिले?" तो म्हणाला. "पाणी साफ दिसते ना? कस्टमरले तेच पाहिजे."

"संपचं दार का बंद केलं?"

"पाइप दिसले तं लूक जाते न राजा. अन् मासे तं मरतच राहतात. माल तुमचाच होता."

त्यानं फोन ठेवला. मी शिव्या गिळल्या, कारण समोर एक चिमुरडी आईच्या मांडीवर बसली होती.

आधी पंप बंद केला, म्हणजे गाळ हलला तरी वर जाणार नाही. जोडीला टबमध्ये घेतलं आणि माझं पाणी बारीक नळीनं थेंब थेंब सोडलं. मग संपचा तळ ओढायला घेतला. काळा चिखल, कुजक्या अंड्याचा वास. रेखाताई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "बाप्पा! हे सारं वरच्या काचेखाली होतं?" मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, बादल्या बघितल्या आणि आत गेल्या. पिशवी फेकली, नवी लावली. संपमधले दगड मात्र नळाखाली धुतले नाहीत. घाण पचवणारे जिवाणू त्यांच्यावरच असतात. काढलेल्या खाऱ्या पाण्यातच ते खळबळले. टँकचं पाणीही एकदम बदललं नाही. ते थोडं थोडं बदलायला त्या आठवड्यात मी पुन्हा पुन्हा अकोल्याला गेलो.

जोडी जगली. खायला लागली. किटमध्ये अमोनिया दिसेनासा झाला. पॅनलच्या जागी मी बिजागऱ्यांचं दार बसवून घेतलं.

मॅडमनी शब्द पाळला, त्या माणसाला बोलावलं. तो आला नाही. साइटवर बिझी आहे म्हणाला.

"जाऊ द्या ना आता," मॅडम म्हणाल्या. "टँक छान झालाय."

टँक छान झाला, पण ज्या डॉक्टरांच्या कानात त्यानं माझं नाव घातलं, ते टँक बघायला येणार नाहीत. तुम्ही टँक घ्याल तेव्हा वरची काच नंतर बघा, आधी खालचं दार उघडून दाखवायला सांगा. दार नसेल तर उठून या.

आणि त्या माणसाला माझं एवढंच म्हणणं आहे. माझे मासे आजारी होते, हे तू माझ्या पाठीमागे सांगितलंस. आता ये, त्या जोडीसमोर उभा राहा आणि मॅडमच्या देखत सांग, आजार कोणता होता?