आक्काच्या नाडीचा ताल

पाहुण्यांनी भरलेलं घर आणि समोर पुढे केलेलं एक मनगट, एवढं मिळालं की मी सुटलोच म्हणून समजा. श्रीरामपूरच्या आमच्या चर्चमध्ये मी वर्षानुवर्षं तबला वाजवतो. पोटासाठी नोकरी आहे, पण गाव ओळखतं ते तबलजी म्हणूनच. तर माझा खेळ असा : डाव्या हातानं समोरच्याची नाडी धरायची, डोळे मिटायचे, उजव्या हातानं मांडीवर तिचा ठेका धरायचा आणि ताल कुठला, याचा निकाल द्यायचा. मेव्हण्याला म्हणायचो, "तुमचा केरवा. पण लग्नानंतर लय पडलीय." शेजारच्या मास्तरांना, "दादरा, आणि तोही उसना." लोक हसून लोळायचे. खोटं कशाला सांगू, त्या हशावरच मी जगायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात दुपारी बेलापूरहून आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चर्चमध्ये गाण्याची पहिली ओळ तीच उचलायची. करंजीचं ताट बाजूला सारत ती म्हणाली, "छातीत मासळी उडल्यागत हुतंय रे. जिना चढले की दम लागतो. उद्या नगरला जाऊन छातीचा कागद काढून येते. पोरानं गाडी सांगून ठेवलीय."

"कागद कशाला? इथं जिवंत मशीन बसलंय!" मी बाह्या सरसावल्या. सगळे खुर्च्या ओढून जवळ आले.

बोटं टेकवली. दोन ठोके भरभर. मग रिकामं. मग तीन, त्यातला एक इतका पुसट की होता की नव्हता कळेना. पुन्हा घाई. एखादा ठोका चुकणारी नाडी मी पाहिली होती. ती चुकते आणि परत आपल्या जागेवर येते. इथं जागाच नव्हती. मी सम, म्हणजे ताल जिथं फिरून येतो ती पहिली मात्रा, शोधत होतो आणि ती काही सापडत नव्हती. मांडीवरचा माझा हात थांबला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाणारा बेताल झाला तर तबलजीनं सांभाळून घ्यायचं. एखादी मात्रा गिळायची, एखादी वाढवायची, पण बाकांवर बसलेल्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. याच कसबावर मी आयुष्यभर शाबासकी खाल्ली आहे. सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा हात आपोआप पुन्हा सुरू झाला, छान, एकसारखा. मी एक डोळा उघडला.

"धुमाळी! हिच्या छातीत वरात निघालीय. चहा कमी कर म्हणावं!"

काय हसली मंडळी! आक्कासुद्धा हसली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं गाडी उद्याची. तबलजी म्हनतोय तर."

फेब्रुवारीत एका सकाळी लसूण सोलताना तिच्या उजव्या हातातली पाकळी निसटली. उचलायला गेली तर बोटं ऐकेनात, आणि सुनेला हाक मारायला गेली तर शब्द वाकडेतिकडे बाहेर पडले. मुलानं तिला तडक नगरला नेलं. मीही मागोमाग पोचलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ईसीजीच्या कागदाची पट्टी आमच्यासमोर धरली. "भीतीनं, तापानं धडधड वाढते ती चढत जाते आणि उतरत जाते, ठोक्यांतलं अंतर सारखं असतं. दुसरी एक बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होते, एकदम थांबते. फार जलद, पण तीही बहुधा सारखीच. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात आपटतो, तसं पुष्कळांना होतं. आणि ही बघा. कुठल्याही दोन टोकांमधलं अंतर जुळतंय का? अशा वेळी हृदयात रक्त साकळू शकतं, आणि गुठळी मेंदूकडे जाते. बोटांना नुसती शंका येते, खात्री कागदावरच होते. यांची नाडी आधी कुणी पाहिली नव्हती?"

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "मामा बघतात," तो म्हणाला.

आक्काचा हात सुधारला. बोलणंही बरंचसं परत आलं. पण शब्द शोधावे लागतात, म्हणून गाण्याची पहिली ओळ आता दुसरं कुणी उचलतं. नातेवाइकांनी मला मोठ्या मनानं सोडलं. "तू काय डॉक्टर आहेस? तुला काय कळणार?" मी मान हलवायचो आणि तीही माफी खिशात टाकायचो. कारण मला कळलं नाही, हे खरंच नव्हतं. काहीतरी बिघडलंय, एवढं माझ्या बोटांना कळलं होतं.

यंदाच्या नाताळाआधी बेलापूरला गेलो. आक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच बोलून टाकलं. "आक्का, तेव्हा मला सम सापडली नव्हती."

"म्हाईत हाय." तिनं खडा बाजूला टाकला. "तुझा हात थांबला हुता. ल्हानपनापासनं बघतीय, तुझा हात कधी थांबत न्हाई."

"मग गाडी का नको म्हणालीस?"

शब्द जुळवायला तिला वेळ लागला. मी मध्ये बोललो नाही. हातही गप्प ठेवले.

"तू परत चालू केलास ना," ती म्हणाली. "मला वाटलं, सापडली."